बाबांनी टाकलेला शब्द

नोकरी गेलेल्या माणसाशी घरातले लोक हळू आवाजात बोलायला लागतात, हे माझी गेली तेव्हा मला कळलं. माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, टीव्हीचा आवाज पार खाली आणून बातम्या बघायला लागले. सासूबाई गेल्यापासून दिवसाचं घर त्यांच्या एकट्याच्या मालकीचं होतं. माझा नवरा निहार आणि मी कामाला गेलो की भाईंदर पूर्वेच्या आमच्या त्या दोन खोल्यांत ते खणखणीत आवाजात फोनवर बोलायचे, दुपारी मनसोक्त घोरायचे, मर्जी झाली की कांदाभजी तळायचे. आता मी घरात होते आणि ते चोरपावलांनी स्वयंपाकघरात जात होते.

"मिनल, चहा टाकू का गं?" आजाऱ्याला विचारतात तसं विचारायचे. मला संताप यायचा. मी आजारी नव्हते. मी सदतीस वर्षांची होते, अकरा वर्षं एका ट्रॅव्हल कंपनीच्या तक्रार विभागात काढली होती आणि माझ्या जागी एक चॅटबॉट बसवला होता. चॅटबॉटला न झेपणारं काम इंदूरच्या ऑफिसला गेलं. मला इंदूरला या असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी गेले नसते, पण म्हटलं नाही याचा राग आला तो आलाच.

पहिले काही आठवडे मी दिसेल त्या जागेसाठी अर्ज करत सुटले. शाळेचं ऑफिस, विमा कंपनी, टाइल्सचं शोरूम, काही सोडलं नाही. निहार संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "काही आलं का?" बुटांकडे बघतच उत्तर ऐकायचा, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघायला नको. येत काहीच नव्हतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात फोनकडे जायचा, आणि मग तो दिवसभर हातातच मुक्कामाला असायचा.

शेवटी मिरारोडच्या एका जिमनं रिसेप्शनसाठी बोलावलं. मुलाखत घेणारा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता. त्यानं विचारलं, "मॅम, तुम्हाला एक्झॅक्टली काय करायचंय?"

मी म्हणाले, "काहीही."

त्यानं माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मी तिथल्या तिथे उठावं असं मला वाटलं. उठले मात्र नाही, पाणी प्यायले, थँक यू म्हटलं आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर बाबांनी टीव्ही बंदच करून टाकला.

त्यानंतर मी ममताबेनकडे गेले. ममता शहा ही पूर्वी कुठल्याशा मोठ्या कंपनीत माणसं भरती करायची. आता शांतीनगरमध्ये फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत बसून लोकांना कामाची दिशा शोधायला मदत करते. करिअर कोच. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एकीनं नंबर दिला तेव्हा मी हसले होते. कॉलेजच्या मुलांना ठीक आहे, माझ्या वयात कसली दिशा? पण जिमच्या त्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

"मिनलबेन, पहिली गोष्ट," ममताबेन म्हणाली, "एक महिना एक पण ॲप्लिकेशन नाय पाठवायचं."

"महिनाभर? मग घरी काय सांगू?"

"सांगा, ट्रीटमेंट चालू आहे." ती स्वतःच्याच विनोदावर हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "तुम्ही आत्ता नोकरी नाय शोधत, तुम्ही भीतीला पळवायला बघताय. भीतीनं पकडलेली नोकरी सहा महिन्यांत परत सुटते. माझ्याकडे असे पुष्कळ येतात. आता मला सांगा, ऑफिसमध्ये असं कुठलं काम तुम्ही करायचात, जे कोणी सांगितलं पण नव्हतं?"

चिडून घरी आले. सांगितलेली कामं करता करता मान मोडायची तिथे न सांगितलेली कुठून करणार? पण तो प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मी मागची अकरा वर्षं चाळत बसले.

पुढच्या वेळी गेले ती बसायच्या आधीच बोलायला लागले. आमच्याकडे नाशिकच्या प्रवाशांची एकच तक्रार सारखी यायची, की बस आलीच नाही. बस तर रोज जात होती. आम्ही सगळे माफी मागायचो, पैसे परत द्यायचो, पुढच्या कॉलवर जायचो. एकदा मी त्या सगळ्या तक्रारी एकत्र काढल्या आणि नाशिकच्या एजंटला फोन करून करून त्याचा जीव खाल्ला. तेव्हा कळलं की मेसेजमध्ये लिहिलेलं हॉटेल हायवेच्या एका बाजूला होतं आणि बस थांबायची दुसऱ्या बाजूला. लोक हॉटेलसमोर उभे राहून समोरून जाणारी बस बघत राहायचे. मी मेसेज बदलून घेतला आणि ती तक्रार बंद झाली. कोणी शाबासकी दिली नाही, कारण न येणाऱ्या तक्रारीकडे कोणाचं लक्ष जाणार? पण त्या आठवड्यात मी फार खुशीत होते.

"असं किती वेळा केलं?" ममताबेननं विचारलं.

मी आठवायला लागले आणि आठवतच गेले. चहा गार झाला. मी लोकांना उत्तरं देण्यात बरी होते, पण तक्रार मुळातूनच उपटून टाकण्यात मला खरी मजा यायची. हे वाक्य मी माझ्या तोंडून ऐकलं आणि मला भीतीच वाटली. आता मला काहीतरी हवं होतं, आणि हवं असलेलं मिळालं नाही तर काय, हा नवा घोर लागला.

ममताबेनची एक ओळखीची बाई वरसाव्याच्या एका हॉस्पिटलमध्ये पेशंटांच्या तक्रारींचा विभाग सांभाळायची, उर्मिला पाटकर. तिच्याकडून ममताबेननं अर्धा तास मागून घेतला. अट एकच. "नोकरी मागायची नाय. काम कसं चालतं ते विचारायचं, ऐकायचं, घरी यायचं. मागितलं की समोरचा माणूस दरवाजा लावून घेतो."

हे मी घरी जेवताना सांगितलं. तिथेच माती खाल्ली.

"गुरुवारी वरसाव्याला जायचंय, हॉस्पिटलमध्ये."

"इंटरव्ह्यू?" बाबांचा घास हातातच राहिला.

"नाही. बोलायला जातेय. तिथल्या पाटकर मॅडमशी."

"म्हणजे नोकरी मागायला."

"मागायची नाहीये बाबा. फक्त कामाबद्दल विचारायचंय."

बाबांनी निहारकडे पाहिलं. निहार आमटीत काहीतरी शोधत होता.

"मागायचं नाही तर जायचं कशाला?" बाबा म्हणाले. "बरं, मध्ये कोण आहे? शब्द कोणी टाकलाय?"

"शब्दबिब्द कोणी नाही. ममताबेननी वेळ घेऊन दिलीय."

"ती फी घेणारी?" बाबांनी मान हलवली. "तिच्या शब्दाला तिथे कोण विचारतंय?"

बाबांचा दोष नाही. ते औषध कंपनीच्या गोदामात लागले तेच मुळी त्यांच्या मामांनी कुणाकडे तरी शब्द टाकला म्हणून. शनिवारी शब्द टाकला आणि सोमवारी आत्माराम घाग कामावर हजर, ही गोष्ट ते अजूनही छाती काढून सांगतात. तिथे निवृत्त होईपर्यंत राहिले. त्या कामाची त्यांना आवड होती का, हे त्यांना कधी कोणी विचारलं नसणार, आणि विचारलं असतं तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. नंतर त्यांनी स्वतः कितीजणांसाठी शब्द टाकले. कुणाच्या मुलाला शाळेत प्रवेश, कुणाच्या भावाला सिक्युरिटीत काम. ओळखीशिवाय एखाद्या ऑफिसात पाऊल टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी लग्नाला आहेर न घेता जाणं.

त्या दिवशी ते पुढे काही बोलले नाहीत. बाबा गप्प बसले म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला एरवी चटकन कळतं. पण मी माझ्याच काळजीत होते. आरशासमोर उभी राहून प्रश्न पाठ करत होते आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या प्रश्नाला अडखळून परत पहिल्यापासून सुरू करत होते.

गुरुवारी सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. "बँकेत जाऊन येतो," म्हणाले. मी हो म्हटलं. मला तेव्हा त्यांनी चंद्रावर जातो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

रिक्षा काशीमिऱ्यापर्यंत बरी गेली आणि घोडबंदर रोडला लागल्यावर ट्रकांच्या मागे अडकली. खाडीवरच्या पुलाकडे जाणारी रांग हलता हलत नव्हती. मी पर्समधला रुमाल पिळत बसले. उशीर झाला तर? तिनं विचारलं की तुम्हाला हॉस्पिटलमधलं काय कळतं, तर? आणि परत माझ्या तोंडून 'काहीही' निघालं तर? रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, पेशंट सीरियस है क्या?" मी म्हटलं, "नहीं, पेशंट ठीक है." मला माझंच हसू आलं आणि लगेच गेलं.

तरी वेळेआधी पोचले. रिसेप्शनवर नाव सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, "मिनल घाग ना? ॲडमिनला जा, डावीकडे. गणेश सर वाट बघतायत."

मला वाटलं, असेल काहीतरी पद्धत. पाहुण्याचं नाव लिहून घेत असतील. मी काचेचं दार ढकललं आणि समोर खुर्चीच्या अगदी कडेवर बाबा बसले होते. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता.

"आली, आली," बाबा उठून उभे राहिले. "साहेब, ही आमची सून."

गणेश सर म्हणजे गळ्यात कार्ड अडकवलेला, निहारहून लहान असा एक माणूस. एका हातानं मोबाइलवर टाइप करत तो म्हणाला, "बसा मॅडम. आमच्या कोंडिरामकाकांचा फोन आला म्हणजे मला करायलाच लागतं. त्यांनी मला वाढवलंय. आता असं आहे, बिलिंग काउंटरला एक जागा खाली होतेय. शिफ्ट ड्यूटी आहे. पण घागकाका म्हणाले, काहीही चालेल."

कोंडिराम हे बाबांचे गोदामातले दोस्त. आयुष्यभर दोघं एका डब्यात जेवलेत. बाबांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता आणि त्यांनी पुतण्याकडे. मी ओळखीशिवाय चाललेय, मला कोणी दारात उभं करणार नाही, या काळजीनं बाबांनी माझ्या आधी येऊन माझी वाट मोकळी केली होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हात जोडले. त्या पोरासमोर माझ्या सासऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, कुठेही बसवा तिला. मेहनती आहे. तुम्हाला खाली बघायला लावणार नाही." घरी हा माणूस रेशनवाल्याशी सुद्धा वरच्या पट्टीत बोलतो.

"काय मॅडम, सोमवारपासून चालेल ना?" गणेश सरांनी विचारलं.

शब्द टाकला गेला, समोरच्यानं तो झेलला, आणि मग ज्याच्यासाठी टाकला त्यानंच नाही म्हटलं, तर टाकणाऱ्याची काय किंमत उरते हे मला माहीत होतं. बाबांच्या जगात माणसाकडे दुसरी काही मिळकत नसते. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. सोमवारपासून सकाळी उठल्या उठल्या फोन बघायला लागणार नव्हता. निहार बुटांकडे बघणार नव्हता.

"चालेल," मी म्हणाले.

बाबांनी बॉक्स उघडून पहिला पेढा साहेबांना दिला आणि दुसरा जवळजवळ माझ्या तोंडात कोंबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं ना काम? आता त्या बाईंकडे जायची काय गरज?"

"वेळ घेतलीय बाबा. न जाणं बरं दिसत नाही."

"जा, जा. मी इथे बसतो. तेवढ्यात सगळ्यांना कळवतो." ते बाकावर बसून मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधायला लागले.

उर्मिला पाटकर तिसऱ्या मजल्यावर एका लहानशा खोलीत बसायच्या. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, आवाज करडा. "ममता म्हणाली तुम्ही नोकरी मागायला येत नाही आहात," त्या म्हणाल्या. "म्हणून वेळ दिला. विचारा."

आता मला कशाची भीती नव्हती. जे व्हायचं ते खाली होऊन गेलं होतं. पाठ केलेले प्रश्न सोडून मी मला खरंच जे जाणून घ्यायचं होतं ते विचारलं. "तुमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार कशाची येते?"

"डिस्चार्जची. डॉक्टर सकाळी घरी जा म्हणतात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत इथेच."

"कागद कुठे अडतो?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "औषधांचा हिशोब परत यायला वेळ लागतो. शनिवारी तर विचारूच नका. कारण मला माहीत आहे. पण त्याच्या मागे लागायला माझ्याकडे माणूस नाही. दोन मुली आहेत, त्या दिवसभर माफी मागण्यात जातात."

मी खुर्ची पुढे ओढली. वॉर्डमधून फार्मसीत कागद कोण नेतं, तो माणूस जेवायला गेला तर काय, नातेवाइकांना कोण काय सांगतं, असं विचारत गेले. त्या सांगत गेल्या. मध्येच त्यांनी उठून मला वॉर्डबाहेरची ती खिडकी दाखवली जिथे सगळे अडायचे. अर्धा तास कधीच उलटला होता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी माझ्याबद्दल विसरले होते.

परत येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर मी एक जागा काढायच्या विचारात आहे. नुसती उत्तरं द्यायला नाही, हे असं मुळापर्यंत जायला. मंजुरी मिळेल की नाही सांगता येत नाही. मिळाली तर जाहिरात येईल, तेव्हा अर्ज करा. बाकीच्यांबरोबर बघेन मी तुमचा."

मी खुर्ची मागे सरकवली. "मॅडम, मी सोमवारपासून खाली बिलिंगला लागतेय."

"कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. बाबा, कोंडिराम, गणेश सर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बिलिंगची माणसं आमची नसतात, कंत्राटदाराची असतात. त्याच्याशी करार आहे, त्याच्याकडून आलेल्या माणसाला दोन वर्षं हॉस्पिटलनं स्वतःकडे घ्यायचं नाही. तुम्ही तिथे बसलात की मला वाटलं तरी तुम्हाला घेता येणार नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी वचन काही देत नाहीये हं. हातातलं सोडा असंही म्हणत नाही. घर तुमचं आहे."

लिफ्ट होती, तरी मी जिन्यानं उतरले. मला वेळ हवा होता. त्या जागेची मंजुरी नव्हती. मंजुरी मिळाली तरी ती मला मिळेल असं नव्हतं. दिवाळी कितीतरी लांब होती, आणि तोवर ती रोजची सकाळ, तो फोन, तो मुका टीव्ही. खाली सोमवारची नोकरी तयार होती. शहाणी बाई काय करेल हे मला दिसत होतं. पण मघाशी त्या खिडकीसमोर उभी असताना मी जी होते, ती बाई मला परत घरी न्यायची होती.

बाबा वॉचमनला पेढा देत होते. "मिनल, सोसायटीत कळवलं. निहारलाही फोन केला. तो काही बोलेचना. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, रडतोय."

हे ऐकून मी पुन्हा जिना चढून पळून जावं असं मला वाटलं. बूट काढता काढता विचारणारा माझा नवरा इतका घाबरलेला होता, आणि मला त्यानं त्यातलं काही दिसू दिलं नव्हतं.

तरीही मी म्हणाले, "बाबा, मला ही नोकरी नको."

त्यांना कळलंच नाही. "आत्ता तर हो म्हणालीस."

"म्हणाले. चुकले." आणि मी त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं सगळं सांगितलं, कंत्राटदार, दोन वर्षं, दिवाळीनंतरची जागा.

"ती जागा नक्की आहे?"

"नाही."

"त्या बाई म्हणाल्या, तुलाच घेते?"

"नाही."

"मग?" बाबांचा आवाज चढला. "अगं मग कशाच्या जोरावर? कोंडिरामला मी काय तोंड दाखवू? गेल्या कित्येक वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं! वेड लागलंय का तुला?"

लोक वळून बघायला लागले. किती महिन्यांनी बाबा माझ्यावर मोठ्यानं ओरडले होते. मला रडू यायला हवं होतं, पण उलट मला धीर आला. मी आजारी नव्हते, हे निदान त्यांना आता पटलं होतं.

"मला न विचारता आलात कशाला?" मीही आवाज चढवला. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मागायचं नाहीये म्हणून?"

"बघवत नव्हतं मला!" बाबा ओरडले आणि मग त्यांचा आवाज एकदम बसला. "दिवसभर तो फोन हातात घेऊन बसायचीस. जेवायची नाहीस नीट. मी म्हातारा माणूस, मला दुसरं काय येतं गं? चार ठिकाणी शब्द टाकता येतो, तेवढा टाकला."

मी म्हणाले, "तुम्ही बसा. मी आत जाऊन गणेश सरांना सांगते."

"तू थांब." त्यांनी शर्ट सारखा केला. "शब्द मी टाकलाय, मीच उचलतो. तू गेलीस तर ते म्हणतील घागांची सून सासऱ्याला जुमानत नाही."

काचेतून मला आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. गणेश सर आधी हसले, मग हसायचे थांबले. बाबा उभेच होते, त्यांना कोणी बस म्हटलं नाही. ते बोलत होते, हात परत जोडले होते. गणेश सरांनी घड्याळ पाहिलं, मोबाइल उचलला आणि दुसऱ्या हातानं पेढ्यांचा बॉक्स टेबलावरून पुढे सरकवला. बाबांनी तो उचलला, झाकण नीट लावलं आणि बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिक्षा बघ."

रिक्षा परत ट्रकांच्या मागे अडकली. मग बाबांनी मोबाइल काढला.

"कोंडिराम, मी बोलतोय. अरे ते काम राहू दे... नाही, नाही, सून तयार होती. ती तर हो म्हणाली, विचार गणेशला. मलाच नाही पटलं. शिफ्टचं काम, वेळीअवेळी यायचं जायचं, आमच्या घरात नाही जमत ते. मीच नको म्हटलं... हो रे. म्हातारपणी डोकं फिरलंय माझं. म्हण, काय म्हणायचं ते म्हण."

कोंडिरामकाकांचा आवाज मला रिक्षाच्या आवाजातही ऐकू येत होता. मग तो मध्येच बंद झाला. बाबांनी मोबाइल तरीही कानाशी धरून ठेवला, दोनदा "हं, हं" म्हणाले आणि मग खिशात ठेवला.

"खोटं कशाला बोललात?" मी विचारलं.

"माझं काय आता? मला कुठे कोणाकडे जायचंय?" ते बाहेरच्या ट्रककडे बघत होते. "तुला उद्या चार माणसांत जायचंय. तुझं नाव चांगलं राहू दे."

मग मी रडले. नळ वगैरे काही नव्हता, रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी रडले. बाबांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "निहारला मी सांगतो. पण आधी मला सांग, ते काम काय आहे नक्की? मला कोणी विचारलं तर सांगता यायला पाहिजे."

मी डोळे पुसून सांगायला लागले. अडणारा कागद, ती खिडकी, माफी मागण्यात दिवस घालवणाऱ्या दोन मुली. दिवाळीपर्यंत आपण काय करणार आहोत हे मला ठाऊक नव्हतं. बाबांनी मला मध्येच थांबवलं.

"हळू सांग," ते म्हणाले. "परत पहिल्यापासून सांग. मला पाठ झालं पाहिजे."